पझलचे जुने तुकडे सजवताना: आधी पुठ्ठा, मग रंग

घरात पडून राहिलेल्या जिगसॉ पझलमधले चार-सहा तुकडे हरवले की त्या डब्याचं काय करायचं हा प्रश्न येतोच. मिश्र माध्यमाच्या, म्हणजे रंग, कागद, कापड, मणी असं एकत्र वापरून केलेल्या कलाकामासाठी हे तुकडे फार सोयीचे असतात. आकार आयता मिळतो, सगळ्यांची जाडी सारखी असते आणि कापाकापी जवळजवळ नसतेच. तरीही बरीच कामं महिन्याभरात वाकडी होतात, सोलतात किंवा एकमेकांना चिकटून बसतात. दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो. तुकडा मुळात कशाचा बनला आहे हे न बघता त्यावर थर चढवले की असं होतं.

पुठ्ठ्याचा साधारण तुकडा दीड ते अडीच मिलिमीटर जाड असतो. मध्ये दाबलेला करडा पुठ्ठा, वर छापील कागद आणि त्यावर चकचकीत किंवा कापडासारखी बारीक रेघांची संरक्षक झिलई. ही झिलई पाणी आणि रंग दोन्ही झटकते. मागची बाजू मात्र उघडा पुठ्ठा असल्याने मिळेल तेवढं पाणी पिते. सगळ्यात जास्त पाणी पितात त्या कापलेल्या कडा. एकाच तुकड्याच्या या तीन बाजू तीन तऱ्हांनी वागतात, आणि पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

तुकडे निवडणं

हजार तुकड्यांचं पझल पूर्ण जुळल्यावर साधारण ६८ × ४८ सेमी भरतं, म्हणजे एका तुकड्याच्या वाट्याला सव्वातीन चौरस सेमीच्या आसपास जागा येते. त्यावर एक मणी, कागदाचा एक तुकडा आणि एखादं अक्षर मावतं. याहून जास्त कोंबलं की गिचमीड होते. मुलांच्या शंभर तुकड्यांच्या पझलमध्ये तुकड्याची बाजू ४ सेमीच्या जवळ जाते. पहिल्यांदा करणाऱ्यांनी हेच घ्यावेत. लेस, जाळी, छोटं बटण असं दोन-तीन गोष्टींचं एकत्र काम त्यावर ऐसपैस बसतं.

तुकडा दोन बोटांत धरून अगदी हलका वाकवून बघा. कडेला पुठ्ठ्याचे पदर सुटताना दिसले तर तो वरच्या शोभेच्या थरासाठी ठेवा, गळ्यात घालायच्या पदकासाठी नको. तुकड्याचं बाहेर आलेलं गोल डोकं जिथे अंगाला जोडलेलं असतं ती निमुळती मान सर्वात नाजूक असते. तिथे पांढरी चीर दिसली की तुकडा आज ना उद्या तिथेच मोडणार.

कुबट वास येत असेल तर तुकडे वर्तमानपत्रावर सुटे पसरून दिवसभर सावलीत, वाऱ्यावर ठेवा. मग बंद डब्यात वाटीभर खायच्या सोड्याबरोबर तीन-चार दिवस राहू द्या. सोडा तुकड्यांवर टाकायचा नाही, वाटीतच ठेवायचा. काळे-हिरवे लवदार ठिपके असलेले तुकडे मात्र सरळ फेकून द्या. रंगाखाली बुरशी मरत नाही. धूळ कोरड्या ब्रशने झाडा, चिकट डाग घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा. तुकडे धुवायचे कधीच नाहीत.

लाकडी पझलचं गणित वेगळं आहे. जिगसॉची सुरुवातच लाकडावर झाली: लंडनचे नकाशाकार जॉन स्पिल्सबरी यांनी १७६० च्या दशकात लाकडावर चिकटवलेले नकाशे कापून शिकवण्याचं साधन म्हणून विकले. त्यामुळे हाताने कापलेलं जुनं लाकडी पझल हाती लागलं, तर गेसोचा (रंग धरण्यासाठी आधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा) डबा उघडण्याआधी ते जाणकाराला दाखवा. ते तसंच ठेवण्याच्या लायकीचं असू शकतं. जुन्या रंगवलेल्या लाकडी खेळण्यांच्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, म्हणून अशा तुकड्यांना घासकागद लावायचा नाही.

पाया

लागणारं सामान: ३२० नंबरचा घासकागद, नखं घासायची कानस, पांढरा पीव्हीए गोंद, मॅट अ‍ॅक्रिलिक मीडियम (रंग नसलेलं, पारदर्शक वाळणारं, कागद चिकटवायलाही चालणारं माध्यम), गेसो, मऊ सपाट ब्रश, बेकिंग पेपर आणि एक जाड पुस्तक.

१. घासकागद टेबलावर चिकटपट्टीने पक्का करा आणि तुकडा उपडा धरून त्यावर गोल फिरवा. लहान तुकडा हातात धरून त्यावर कागद फिरवला तर कडा आधी झिजतात. चमक जाऊन पृष्ठभाग धुरकट दिसला की थांबा. चित्राचा रंग निघू लागला म्हणजे जास्त झालं. धूळ कोरड्या ब्रशने काढा.

२. आता कडा. बोटावर किंचित पीव्हीए घेऊन तुकड्याच्या चहूबाजूंनी फिरवा, खाचेतही. गोंदात पाणी मिसळू नका. कड फुगते ती पाण्यानेच. वाळल्यावर उभे राहिलेले बारीक तंतू कानशीने एकदा घासून काढा.

३. मागच्या बाजूला मॅट मीडियमचा एक पातळ थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. ही पायरी सगळे टाळतात आणि तुकडे वाकतात ते इथेच.

४. पुढच्या बाजूला गेसोचे दोन पातळ थर द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. कोरड्या हवेत दोन थरांमध्ये अर्धा ते पाऊण तास पुरतो, दमट हवेत दुप्पट वेळ धरा. खालचं चित्र अजून डोकावत असेल तर तिसरा पातळ थर द्या. एकच जाड थर दिला तर तो खाचांच्या कडेला साचतो आणि आकाराची धार जाते.

तुकडे धरण्यासाठी आइस्क्रीमच्या काडीच्या टोकाला दुहेरी चिकटपट्टी लावून त्यावर तुकडा बसवा. पुष्कळ तुकडे असतील तर फळीवर मास्किंग टेप चिकट बाजू वर करून ताणा आणि त्यावर तुकडे ओळीने मांडा.

लहान मुलांनी स्केचपेनने रंगवलेल्या तुकड्यांवर गेसोतून गुलाबी किंवा जांभळी छटा वर येते, आणि कितीही थर दिले तरी येतच राहते, कारण ती शाई पाण्यात विरघळते. अशा तुकड्यांना आधी शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या वॉर्निशचा, एक हात द्या, मग गेसो.

सगळं चित्र झाकलंच पाहिजे असं मुळीच नाही. आमच्या मते अर्धवट झाकलेला तुकडा जास्त बोलका दिसतो. आकाशाचा निळा कोपरा, एखाद्या खिडकीचा भाग, झाडाची दोन पानं तशीच ठेवून बाकी भागावर काम करा. अशा तुकड्यावर पांढऱ्याऐवजी पारदर्शक गेसो वापरा. रंग धरायला लागणारा खरखरीतपणा त्यातही असतो.

कागद चढवणं

टिश्यू नॅपकिन, जुन्या वहीचं पान, शिलाईच्या नमुन्याचा पातळ कागद, नकाशा, स्वरलिपी, यातलं काहीही चालतं. नॅपकिन दोन किंवा तीन पदरांचा असतो. छापील पदर तेवढा सोडवून घ्या. खालचा पांढरा पदर राहिला तर वरचा पदर वाळल्यावर त्याच्यापासून सुटतो आणि बुडबुडे दिसतात. नॅपकिन पांढऱ्या गेसोवरच उठून दिसतो, करड्या पायावर त्याचा रंग विझतो.

कागद तुकड्यापेक्षा चहूबाजूंनी अर्धा सेमी मोठा फाडा. तुकड्यावर मीडियमचा पातळ थर लावा, कागद ठेवा, वरून प्लास्टिकचा पातळ कागद अंथरा आणि बोटाने मध्यापासून बाहेर दाबत या. ओल्या नॅपकिनवर थेट बोट फिरवलं की तो हमखास फाटतो.

कड साफ करण्यासाठी कात्री घेऊ नका. कात्रीने कापलं की कागदाची बारीक झालर उरते, ती पुढे कपड्यात अडकते आणि तिथून कागद सोलायला सुरुवात होते. त्याऐवजी कागद पूर्ण वाळू द्या, मग कानस तुकड्याच्या कडेला तिरपी धरून वरून खाली, फक्त खालच्याच दिशेने ओढा. जादा कागद कडेवर नेमका तुटून पडतो. खाचांच्या आतल्या गोलाईसाठी पेन्सिलीला घासकागद गुंडाळून तीच कृती करा. कागद ओला असेल तर कानस त्याला कापत नाही, ओढून फाडते. घाई करायची नाही ती याच ठिकाणी.

घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेलं चित्र मीडियम लावताच पसरतं. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स घ्या. इंकजेटशिवाय इलाज नसेल तर आधी फिक्सेटिव्ह स्प्रेचे (शाई पक्की करणाऱ्या फवाऱ्याचे) दोन हलके हात मारून वाळवा.

तुकडा वाकला तर? ओला कागद फुगतो, वाळताना आखडतो आणि तुकड्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून कागदाची बाजू वाटीसारखी खोलगट होते. उलट बाजूला मीडियमचा एक पातळ थर द्या, तो वाळताना विरुद्ध दिशेने ओढेल. हाताला न चिकटण्याइतका वाळला की तुकडा दोन बेकिंग पेपरांच्या मध्ये ठेवून रात्रभर पुस्तकाखाली दाबा. जाड कागद लावायचा असेल तर वाकायची वाट न बघता मागेही तसाच कागद लावून टाका.

पोत आणि रंग

स्टेन्सिल (नक्षी कोरलेला पातळ साचा) तुकड्यावर दाबून धरा आणि मॉडेलिंग पेस्ट (उठावाच्या नक्षीसाठीचा जाड लेप) सपाट पात्याने एकाच ओढीत पसरवा. जाडी एक मिलिमीटर पुरे. स्टेन्सिल सरळ वर उचला. सरकवला की नक्षी पुसली. पेस्ट आपोआप वाळू द्यावी, निदान रात्रभर. हीट गनने (खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) घाई केली तर वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतली वाफ फोड होऊन वर येते. पेस्ट घरीही होते: तीन भाग चाळलेली टाल्क किंवा खडूची पूड, एक भाग पीव्हीए, एक भाग अ‍ॅक्रिलिक रंग. ही घरगुती पेस्ट जाड थरात तडकते. तडे हवेच असतील तर मुद्दाम दोन मिलिमीटर जाड लावा.

जाळीचं कापड, लेस, दोरा हे वरून नुसते चिकटवले तर परके दिसतात. मीडियममध्ये बुडवून, पिळून बसवा आणि वाळल्यावर त्यांच्यावरूनही गेसोचा एक हात फिरवा. सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं झालं की तुकडा एकसंध दिसू लागतो, मग रंग.

उंचसखल पृष्ठभागावर रंगाचा क्रम महत्त्वाचा. आधी संपूर्ण तुकड्याला गडद रंग द्या: काळपट तपकिरी किंवा गडद निळा. तो वाळल्यावर ब्रश मधल्या छटेत बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि उंचवट्यांवरून हलका फिरवा. मग फिकट छटा, आणखी कमी दाबाने. रंग खळग्यांत उतरू लागला तर ब्रश अजून ओला आहे. शेवटी कडांना स्पंजच्या तुकड्याने गडद शाई टिपा. तुकड्याचा आकार त्यानेच उठावदार दिसतो.

सोनेरी किंवा तांबूस धातुई मेण बोटाने चोळायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी, वॉर्निशच्याही नंतर. मेणावर पाण्याचं कोणतंही माध्यम धरत नाही.

एम्बॉसिंग पावडरला (तापून वितळल्यावर उठावाची नक्षी होणाऱ्या पुडीला) हीट गनच लागते, केस वाळवायचं यंत्र पुरेसं तापत नाही. गन १० ते १५ सेमीवरून सतत हलती ठेवा, तुकडा चिमट्यात धरा. एकाच जागी रोखली तर पावडर वितळण्याआधी खालची झिलई फुगते. अल्कोहोल शाईला न शोषणारा पृष्ठभाग हवा. गेसोवर ती डाग होऊन बसते. गेसोवर चमकदार वॉर्निशचे दोन थर देऊन वाळवले तर ती छान पसरते. तिच्यावर ब्रशने काही लावू नका, रंग ओढला जातो. स्प्रेचा हलका हात द्या.

पदक किंवा कानातलं

एकटा तुकडा पदकासाठी कमकुवत पडतो. दोन तुकडे पाठीला पाठ लावून चिकटवा, आणि वरच्याचं डोकं खालच्याच्या खाचेवर येईल असे फिरवा. मानेला आधार मिळतो आणि बाह्यरेषाही वेगळी होते. पीव्हीए कडेपर्यंत पातळ पसरवून कपड्यांच्या चिमट्यांनी दोन तास दाबून ठेवा. चिमट्याखाली बेकिंग पेपरचा तुकडा हवा, नाहीतर चिमटाही चिकटतो.

भोक वॉर्निशच्या आधी पाडा. टाचणीने जागा टोचून घ्या, खाली लाकडाचा टाकाऊ तुकडा ठेवा आणि हाताच्या ड्रिलने सावकाश फिरवा. भोकाची कड आणि तुकड्याची कड यांच्यात दोन ते तीन मिमी अंतर ठेवा. भोक अंगावर पाडा, मानेवर नको. एकेरी तुकड्याला दीड मिमीचं भोक आणि ६ मिमी व्यासाची जंप रिंग (दागिन्यात अडकवायची, एके ठिकाणी उघडणारी तारेची कडी) पुरते. दुहेरी, म्हणजे चार मिमी जाडीच्या कामाला २ मिमीचं भोक आणि ८ मिमीची रिंग लागते. लहान रिंग अशा जाडीत वळत नाही, जबरदस्ती केली की कड फुटते. रिंग उघडताना दोन पकडींनी तिची टोकं पुढे-मागे सरकवा. बाजूला ताणली तर ती पुन्हा गोल मिटत नाही. भोकाच्या आतही टूथपिकने वॉर्निश फिरवा, घाम तिथूनच पुठ्ठ्यात शिरतो.

काचेसारखा घुमट हवा असेल तर रेझिन, म्हणजे दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणारा पारदर्शक पदार्थ. इथे तीन गोष्टी बिघडतात. कागद किंवा पुठ्ठा आधी मीडियमच्या दोन थरांनी बंद केला नसेल तर रेझिन आत शोषलं जातं, तेलकट डाग दिसतात आणि आतली हवा बुडबुडे होऊन वर येते. दुसरं, घुमट कडेवर थांबतो तो धारदार कडेमुळे. कानशीने वरची कड गोल केली असेल तर रेझिन ओघळणारच. तिसरं, माप. दोन भागांचं प्रमाण काही रेझिनमध्ये घनफळाने असतं, काहींत वजनाने. बाटलीवर लिहिलंय तेच पाळा. सव्वातीन चौरस सेमीच्या तुकड्याला अर्धा मिलिलिटर पुरतो, पण एवढं थोडं अचूक मोजता येत नाही. एकूण १० मिलि करा आणि पंधरा-वीस तुकडे एकदम उरका. भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत तीन मिनिटं ढवळा, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. अतिनील प्रकाशाने घट्ट होणारं यूव्ही रेझिन सोपं वाटतं, पण गडद रंग मिसळला किंवा मोठ्या अपारदर्शक वस्तूखाली गेलं की प्रकाश पोचत नाही आणि ते चिकटच राहतं.

जुळणारं चित्र

एकमेकांत बसणारे नऊ किंवा सोळा तुकडे निवडा, उलटे जुळवून मागे पेन्सिलीने क्रमांक टाका, मग सुलटे जुळवा. त्यांच्यावर एकच मोठं चित्र चढवायचं आहे. इथे पातळ गोंद वापरला तर तो फटींत उतरून सगळे तुकडे एक करून टाकतो, म्हणून ग्लू स्टिक किंवा दुहेरी चिकट कागद घ्या. चित्र चांगलं दाबल्यावर सगळं उपडं करा. मागून सांधे स्वच्छ दिसतात, त्यांत अणकुचीदार कटरचं नवं पातं घालून कागद कापत जा. पुढून कापायला गेलात तर सांधा अंदाजाने शोधावा लागतो.

सुटे झाल्यावर प्रत्येकाची कड कानशीने साफ करा. या कामात गेसो आणि वॉर्निश कडेला लागू द्यायचे नाहीत. दोन्ही बाजूंनी मिळून अर्धा मिमी जरी वाढला तरी तुकडे परत बसत नाहीत. बसले नाहीत तर डोक्याला घासण्यापेक्षा खाच आतून घासा, डोकं लहान झालं की जोड कायमचा सैल होतो. मग तीन-चार तुकड्यांवर पेस्ट, जाळी, घड्याळाची चाकं असं भरघोस काम करा, बाकीचे साधे राहू द्या. कॅनव्हास बोर्डवर बसवताना काही तुकड्यांखाली दोन-तीन मिमी पुठ्ठ्याचे ठोकळे लावून ते उचला. हरवलेल्या तुकड्याची जागा झाकू नका. बोर्डचा तेवढा भाग सोनेरी करून ठेवला की नजर तिथेच जाते.

गोल तोरण किंवा चौकट

बाहेरून २० सेमी, आतून १२ सेमी व्यासाचं जाड पुठ्ठ्याचं कडं कापा. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेमी होतं, म्हणजे हजारी पझलचे साठ-एक तुकडे एका थरात बसतात. एकमेकांवर चढवत तीन थर करायचे तर सव्वाशे ते दीडशे तुकडे रंगवून ठेवा. एकाच रंगाच्या चार छटा मिसळा. सर्वात गडद खाली सपाट, फिकट वर तिरपे. खालच्या थराला पीव्हीए लावा; तिरप्या तुकड्यांना तो पकड घेईपर्यंत धरून बसावं लागतं, तिथे हॉट ग्लू. उन्हाच्या खिडकीत टांगणार असाल तर फक्त हॉट ग्लूवर भिस्त ठेवू नका, तो उष्णतेने मऊ पडतो.

वॉर्निश आणि साठवण

पाण्यावर आधारलेलं अ‍ॅक्रिलिक वॉर्निश, दोन पातळ थर, पुढे, मागे आणि कडांना. दमट दिवशी जाड हात मारला तर दुधाळ पडदा राहतो. हाताला कोरडं लागलं म्हणजे पक्कं झालं असं नाही. अ‍ॅक्रिलिक पुरतं घट्ट व्हायला दोन ते चार आठवडे घेतं, आणि तोवर तुकडे एकावर एक ठेवले तर चिकटून एकमेकांचा रंग उचलतात. मध्ये बेकिंग पेपर घालून पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. चमकदार वॉर्निश मॅटपेक्षा जास्त चिकटतं, म्हणून मागे चुंबक लावायच्या किंवा पाकिटात जाणाऱ्या तुकड्यांना शेवटचा हात मॅटचा द्या. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती यातलं काहीच देऊ नका, आणि छोटे शक्तिशाली चुंबक लावले असतील तर मोठ्या मुलांपासूनही लांब ठेवा.